विषवायूची पाठवणी

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात स्केनेक्टडी नावाचे शहर आहे. तेथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५३ साली डॅनिएल फॉक्स नावाचा रसायनशास्त्रज्ञ विजेच्या तारांवर चढवावयाच्या लेपाच्या शोधात होता. त्या काळचे लेप उष्णता आणि दमटपणा यांना एकत्र तोंड देऊ शकत नसत. पाण्याच्या वाफेने त्यांच्या रेणूंची साखळी तुटे. पूर्वी हाताळलेला ग्वायकॉल कार्बोनेट हा पदार्थ पाण्याला दाद देत नाही, हे फॉक्सच्या स्मरणात होते. त्याच धाटणीची लांब साखळी बनविता आली तर काम होईल, असे त्याच्या मनाने घेतले. बिस्फेनॉल-ए आणि डायफेनिल कार्बोनेट हे दोन पदार्थ एका काचपात्रात घालून त्याने ते तापविले. द्रव दाट होत गेला, ढवळण्याची कांडी जड होत होत शेवटी थांबली, आणि थंड झाल्यावर पात्र फोडून पाहिले तो कांडीभोवती एक टणक, पारदर्शक गोळा घट्ट बसलेला. तो गोळा काही केल्या फुटेना. प्रयोगशाळेतील मंडळी पुढे त्याचाच हातोडीसारखा उपयोग करीत, अशी हकीकत सांगितली जाते. तारेचा लेप बाजूला राहिला आणि काचेसारखे स्वच्छ पण काचेसारखे न फुटणारे एक नवे द्रव्य हाती आले. त्याचे नाव पॉलिकार्बोनेट.

योगायोग असा की त्याच वर्षी जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी उर्डिंगेन येथे बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत हेर्मान श्नेल आणि त्याचे सहकारी याच द्रव्यापर्यंत येऊन पोहोचले होते. दोघांनाही एकमेकांच्या कामाची वार्ता नव्हती. एकस्वाचा, म्हणजे पेटंटचा, प्रश्न उभा राहिला तेव्हा दोन्ही कंपन्यांनी शहाणपण दाखविले. ज्याला अग्रहक्क मिळेल त्याने दुसऱ्यास योग्य मोबदला घेऊन परवाना द्यावा, असा करार त्यांनी केला. अग्रहक्क बायरला मिळाला. फार थोड्या दिवसांच्या अंतराने फॉक्स मागे पडला होता. बायरचे द्रव्य ‘मॅक्रोलॉन’ या नावाने आणि जनरल इलेक्ट्रिकचे ‘लेक्सान’ या नावाने बाजारात आले. १९६० च्या सुमारास दोहोंचे कारखाने सुरू झालेले होते.

वस्तुतः या शोधाची पहिली चाहूल अर्ध्या शतकापूर्वीच लागली होती. म्युनिक येथील आल्फ्रेड आइनहॉर्न याने १८९८ साली हायड्रोक्विनोन व रिसॉर्सिनॉल यांच्यापासून अशीच कार्बोनेटे तयार केली होती. परंतु हायड्रोक्विनोनपासून मिळालेली पूड कशात विरघळत नव्हती आणि नीट वितळतही नव्हती. रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात ही कल्पनाच त्या काळी रुजलेली नव्हती. साहजिकच ती पूड निरुपयोगी ठरली आणि आइनहॉर्न दुसऱ्या कामाला लागला. दंतवैद्यांच्या परिचयाचे नोव्होकेन हे बधिरतेचे औषध पुढे त्यानेच शोधून काढले. नायलॉनचा जनक वॉलेस कॅरोथर्स याने १९३० च्या सुमारास वेगळ्या जातीची पॉलिकार्बोनेटे करून पाहिली, तीही फार कमी उष्णतेवर वितळणारी म्हणून मागे पडली. फॉक्स आणि श्नेल यांचे यश बिस्फेनॉल-ए या एका पदार्थाच्या निवडीत होते. दोन फेनॉल आणि एक ॲसिटोन यांच्या संयोगातून हा पदार्थ होतो, आणि त्याच्या रेणूला दोन्ही टोकांना जोडणीची जागा असते.

पॉलिकार्बोनेटची रचना समजून घ्यावयाची तर एखादी माळ डोळ्यांपुढे आणावी. बिस्फेनॉल हे तिचे मणी आणि दोन मण्यांमधला दुवा कार्बोनेटचा. या दुव्यात कार्बनचा एकच अणू असतो. एवढ्या लहानशा दुव्यामुळे द्रव्याला विलक्षण गुण येतात. ते काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचे असते, सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत मऊ पडत नाही आणि जबर आघात पचविते. चंद्रावर उतरलेल्या अपोलो यानांतील अंतराळवीरांच्या डोक्यावरचे पारदर्शक शिरस्त्राण याच द्रव्याचे होते. १९८२ साली बाजारात आलेली ध्वनिमुद्रणाची चकती, म्हणजे कॉम्पॅक्ट डिस्क, हिचेही अंग पॉलिकार्बोनेटचेच. मोटारीच्या दिव्यांची झाकणे, छतांवरचे पारदर्शक पत्रे, दंगलीत पोलिसांच्या हाती असलेल्या ढाली, कारखान्यात डोळ्यांवर घालावयाचे चष्मे, अशा कितीतरी रूपांनी ते माणसाच्या रोजच्या व्यवहारात शिरले आहे. माणसाच्या डोळ्यांचे आणि डोक्याचे रक्षण हे ज्याचे मुख्य काम, त्या द्रव्याच्या जन्मासाठी मात्र अनेक वर्षे एका प्राणघातक वायूची सुईण लागत असे. या सुईणीला रजा कशी मिळाली, तीच ही कथा.

माळेतील दुव्याचा तो एक कार्बन अणू कोणी आणून द्यावयाचा, हा पॉलिकार्बोनेटच्या निर्मितीतला मूळ प्रश्न आहे. त्याची दोन उत्तरे पहिल्यापासून होती. एक उत्तर फॉक्सच्या काचपात्रातले. डायफेनिल कार्बोनेट आणि बिस्फेनॉल एकत्र वितळवावे, तापमान वाढवीत न्यावे, निर्वात पंपाने दाब उतरवीत न्यावा; फेनॉल वाफेच्या रूपाने निघून जातो आणि माळ लांबत जाते. दुसरे उत्तर फॉस्जीन या वायूचे. बिस्फेनॉल दाहक सोड्याच्या पाण्यात विरघळवावयाचे, त्यात पाण्याशी न मिसळणारे मेथिलीन क्लोराईड हे विद्रावक घालून खळबळवावयाचे आणि त्या मिश्रणात फॉस्जीन सोडावयाचा. दोन द्रवांच्या सीमेवर, तेलपाण्याच्या थरांमध्ये असते तशा पातळ पृष्ठभागावर, साखळी जुळत जाते. फॉस्जीनमधला क्लोरीन सोड्यातील सोडियमशी संयोग पावून मीठ होतो आणि पाण्याबरोबर धुऊन निघतो.

कारखानदारांनी दुसरा मार्ग पत्करला, आणि त्याला सबळ कारणे होती. वितळवण्याच्या मार्गात माळ जसजशी लांबते तसतसा रस मधाहून, पुढे डांबराहूनही दाट होतो. त्यात अडकलेला फेनॉल बाहेर काढणे कठीण जाते. तीनशे अंशांच्या आसपास तापलेल्या रसाला हवेचा जरासा स्पर्श झाला तरी पिवळी झाक येते, आणि पारदर्शकतेसाठी विकावयाच्या मालाला पिवळेपणा म्हणजे कलंकच. सीमेवरच्या प्रक्रियेत या अडचणी नव्हत्या. साधारण खोलीतल्या उष्णतेवर, थोड्या वेळात, हव्या त्या लांबीची माळ पाण्यासारख्या स्वच्छ रंगात मिळे. उद्योगाच्या हिशेबात हे पारडे फार जड होते.

पण फॉस्जीन म्हणजे काय, याचा हिशेब वेगळाच होता. प्रसिद्ध शास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही याचा भाऊ जॉन डेव्ही याने १८१२ साली कार्बन मोनॉक्साइड आणि क्लोरीन हे दोन वायू एकत्र करून उन्हात ठेवले आणि हा नवा वायू मिळविला. प्रकाशापासून जन्मलेला अशा अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून त्याने त्यास फॉस्जीन हे नाव दिले. नाव प्रकाशाचे, पण करणी अंधाराची. त्याचा वास नुकत्याच कापलेल्या गवतासारखा असतो, त्यामुळे सावधपणाची सूचना म्हणून तो फारसा उपयोगी पडत नाही. श्वासाबरोबर आत गेल्यावर लगेच त्रास होईलच असे नाही. काही तास माणूस हिंडतोफिरतो आणि मग फुप्फुसांत पाणी भरून गुदमरतो. पहिल्या महायुद्धात १९ डिसेंबर १९१५ रोजी बेल्जममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने क्लोरीनमध्ये मिसळून हा वायू इंग्रजांवर सोडला. त्या युद्धात विषवायूंनी जे सैनिक मेले त्यांतील बहुतेकांचा मृत्यू फॉस्जीनमुळे झाला असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

युद्धभूमीवरचे हे अस्त्र कारखान्याच्या आवारात रोजच्या वापरातला कच्चा माल बनले. रंगांच्या उद्योगाने त्याला एकोणिसाव्या शतकातच कामाला लावले होते. प्लॅस्टिकने त्याची मागणी कितीतरी वाढविली. रेणुभारांचे साधे गणित मांडले तर एक टन पॉलिकार्बोनेटसाठी सुमारे ३९० किलो फॉस्जीन लागतो आणि सुमारे ४६० किलो मीठ सांडपाण्यात जाते. फॉस्जीनमधल्या वजनाचा मोठा भाग क्लोरीनचा असतो आणि त्यातला कणही मालात राहावयाचा नसतो. अर्थात् जो क्लोरीन अखेर मीठ होऊन गटारात जावयाचा, त्याच्यासाठी एवढा जीवघेणा वायू तयार करावयाचा, असा हा व्यवहार. शिवाय मेथिलीन क्लोराईड चाळीस अंशांवर उकळते. मालाच्या दहापटीच्या आसपास वजनाचे हे विद्रावक यंत्रांतून सारखे फिरवावे लागते. त्याची वाफ पूर्णपणे कोंडून ठेवणे दुष्कर, आणि तज्ज्ञांनी त्याची गणना माणसास बहुधा कर्करोगकारक असणाऱ्या पदार्थांत केलेली आहे. क्लोरीनयुक्त अशुद्धींचा अंश मालात मागे राही तो निराळाच.

हे सर्व ज्ञात असूनही व्यवहार चालू राहिला, कारण काळजी घेतली तर वायू नळाबाहेर पडत नाही असा भरवसा होता. हा भरवसा किती नाजूक असतो हे माळव्याच्या शेजारी राहणाऱ्या लोकांना निराळे सांगावयास नको. भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यात पॉलिकार्बोनेट होत नव्हते, कीटकनाशक होत होते. परंतु तेथेही फॉस्जीन तयार केला जाई आणि मेथिल अमाइनशी त्याचा संयोग करून मेथिल आयसोसायनेट हा द्रव बनविला जाई. १९८१ च्या डिसेंबरात त्या कारखान्यात फॉस्जीनच्या गळतीने एका कामगाराचा बळी घेतला. त्यानंतर तीन वर्षांनी, १९८४ च्या डिसेंबरातील दोन आणि तीन तारखांमधल्या रात्री, साठवणीच्या टाकीत पाणी शिरून मेथिल आयसोसायनेट खवळले आणि झोपेतल्या शहरावर पसरले. हजारो माणसे मेली. जी वाचली त्यांतील कित्येकांची फुप्फुसे आणि डोळे जन्माचे अधू झाले. इंदूर, उज्जैन, देवास येथील किती घरांतून त्या आठवड्यात नातलगांच्या शोधार्थ माणसे भोपाळकडे धावली असतील, याची गणती कोणत्याही अहवालात सापडत नाही.

भोपाळच्या आधीच, १९७८ साली, ट्रेव्हर क्लेट्झ या ब्रिटिश अभियंत्याने एक साधा विचार मांडला होता. धोक्याच्या पदार्थाभोवती कुलपे, झडपा आणि घंटा वाढवीत बसण्यापेक्षा तो पदार्थच आवारात नसेल अशी प्रक्रिया शोधावी, असे त्याचे म्हणणे होते. घरात साप पाळून दारांना फटी राहू न देण्याची खबरदारी घेण्यापेक्षा साप न पाळणे बरे, हे आपल्याकडील आजीबाईलाही समजेल. पण उद्योगाच्या जगात हा विचार रुजण्यास भोपाळची किंमत मोजावी लागली. त्यानंतर जगभरच्या कंपन्यांनी विषारी द्रव्यांचे साठे कमी केले. फॉस्जीन ज्या क्षणी लागेल त्याच क्षणी बनवून लगेच वापरावा, टाकीत भरून ठेवू नये, हा नियम बळावला. काहींनी मात्र पुढचे पाऊल टाकले. त्यांनी फॉक्सच्या जुन्या काचपात्राकडे पुन्हा वळून पाहिले.

वितळवण्याच्या मार्गात फॉस्जीन दिसत नाही हे खरे. परंतु लागणारे डायफेनिल कार्बोनेट स्वतःच फेनॉल आणि फॉस्जीन यांपासून बनत असे. म्हणजे विषवायू पुढच्या दाराने गेला तरी मागच्या दाराने घरात येतच होता. त्याला खरोखर निरोप द्यावयाचा तर कार्बोनेटचा दुवा दुसऱ्या कोणाकडून घ्यावा लागणार होता. इटलीतील एनिकेम कंपनीने १९८० च्या दशकात मेथिल अल्कोहोल, कार्बन मोनॉक्साइड आणि प्राणवायू यांपासून डायमेथिल कार्बोनेट बनविण्यात यश मिळविले. त्यापासून डायफेनिल कार्बोनेट करता येते, आणि अशा रीतीने फॉस्जीनवाचून पॉलिकार्बोनेट होऊ लागले. तरीही कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू त्यात राहिलाच.

जपानमधील आसाही कासेई कंपनीच्या शिन्सुके फुकुओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून धाडसी उत्तर शोधले. त्यांनी तो दुवा कार्बन डायऑक्साइडकडून, म्हणजे माणूस प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाहेर टाकतो त्या कर्बाम्ल वायूकडून, घेण्याचे ठरविले. हा वायू आळशी समजला जातो. सहजासहजी तो कोणाशी संयोग पावत नाही. पण इथिलीन ऑक्साइडशी तो जुळतो. विशेष म्हणजे इथिलीन ऑक्साइडच्या कारखान्यात कर्बाम्ल वायू उपपदार्थ म्हणून आपोआपच निघतो आणि एरव्ही धुराड्यावाटे आकाशात सोडला जातो. फुकुओकांनी त्यालाच कामाला लावले.

प्रक्रियेच्या चार पायऱ्या आहेत. पहिलीत इथिलीन ऑक्साइड आणि कर्बाम्ल वायू यांचे इथिलीन कार्बोनेट होते. दुसरीत ते मेथिल अल्कोहोलशी मिळून डायमेथिल कार्बोनेट आणि ग्लायकॉल देते. तिसरीत डायमेथिल कार्बोनेटवर फेनॉलची क्रिया होऊन डायफेनिल कार्बोनेट तयार होते आणि मेथिल अल्कोहोल सुटे होऊन दुसऱ्या पायरीवर परत जाते. चौथीत डायफेनिल कार्बोनेट आणि बिस्फेनॉल यांची माळ जुळते. सुटा झालेला फेनॉल तिसऱ्या पायरीवर परत जातो. दोन मदतनीस रहाटगाडग्याच्या पोहऱ्यांसारखे फिरत राहतात आणि बाहेर पडतात दोनच वस्तू : पॉलिकार्बोनेट आणि ग्लायकॉल. ग्लायकॉल हा पॉलिएस्टर धाग्याचा कच्चा माल, त्यालाही बाजार आहे. रेणुभार जुळवून पाहिले तर ४४ भाग इथिलीन ऑक्साइड, ४४ भाग कर्बाम्ल वायू आणि २२८ भाग बिस्फेनॉल मिळून २५४ भाग पॉलिकार्बोनेट आणि ६२ भाग ग्लायकॉल होतात. दोन्ही बाजूंची बेरीज ३१६. गटारात टाकावयास हिशेबात काही उरत नाही. एक टन मालात १७३ किलो कर्बाम्ल वायू बांधला जातो.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात तिसऱ्या पायरीने अनेकांना हार खाण्यास लावले होते. फेनॉल आणि डायमेथिल कार्बोनेट एकत्र ठेवले तर प्रक्रिया जेमतेम सुरू होऊन थांबते, कारण तिचा तोल उलट दिशेला झुकलेला असतो. तयार झालेले मेथिल अल्कोहोल सतत काढून घेतले तरच ती पुढे सरकते. यासाठी ऊर्ध्वपातनाच्या उंच मनोऱ्यालाच प्रक्रियेचे पात्र बनविण्यात आले. मनोऱ्याच्या एकेका मजल्यावर थोडी थोडी प्रक्रिया व्हावी, हलके अल्कोहोल वर निघून जावे, जड द्रव खाली उतरत जाऊन अधिकाधिक पक्व व्हावा, अशी ही योजना आहे.

चौथ्या पायरीवर फॉक्सच्या वेळची तीच जुनी अडचण दबा धरून होती : दाट रस, त्यात कोंडलेला फेनॉल आणि पिवळेपणा. इतरांनी अधिक बळकट ढवळण्या बसवून पाहिल्या. जपानी अभियंत्यांनी ढवळणीच काढून टाकली. निर्वात पात्रात उभ्या तारा टांगून त्यांच्यावरून वितळलेला रस गुरुत्वाकर्षणाने आपोआप खाली ओघळू दिला. ओघळताना तो फेसाळतो, फेसाच्या पातळ पापुद्र्यांतून फेनॉलची वाफ सहज निसटते, आणि ढवळणीच्या दांड्यासाठी भोक नसल्याने हवेला शिरकाव करण्यास जागाच उरत नाही. तारेवरचा लेप शोधू जाता जे द्रव्य १९५३ साली अवचित सापडले, त्याची निर्दोष निर्मिती अखेर तारांवरूनच ओघळत साधावी, हा योग मोठा मौजेचा आहे.

तैवानमधील ची मेई कंपनीच्या भागीदारीत या पद्धतीचा पहिला कारखाना २००२ साली सुरू झाला. त्याची वार्षिक क्षमता आरंभी ५०,००० टनांची होती. पुढे दक्षिण कोरिया, रशिया आणि सौदी अरेबिया येथेही परवान्याने ही पद्धत गेली. प्रयोगशाळेतली चांगली कल्पना कारखान्याच्या ताळेबंदातही टिकते, हे त्यायोगे सिद्ध झाले.

तथापि या यशाचे मोजमाप करताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. आजही जगातील पॉलिकार्बोनेटचा मोठा भाग फॉस्जीनच्या मार्गानेच तयार होतो. उभारलेले कारखाने कोणी एका दिवसात मोडीत काढीत नाही. इथिलीन ऑक्साइड हा काही निरुपद्रवी पदार्थ नव्हे. तो ज्वालाग्राही, स्फोटक आणि विषारी आहे. आणि बिस्फेनॉल-ए तर माळेच्या मण्यांतच आहे. त्याचा सूक्ष्म अंश अन्नात उतरून शरीरातील अंतःस्रावांच्या कार्यात ढवळाढवळ करतो या चिंतेने युरोपीय संघाने २०११ साली लहान मुलांच्या दुधाच्या बाटल्यांत पॉलिकार्बोनेट वापरण्यास मनाई केली, आणि २०२४ च्या डिसेंबरात अन्नाशी संपर्क येणाऱ्या बहुतेक वस्तूंत बिस्फेनॉल-ए वर बंदी घालणारा नियम केला. दुवा शुद्ध झाला म्हणून मणी शुद्ध होत नाही. सुधारणेचे काम येथे संपलेले नाही.

तरीही या इतिहासात एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९५३ साली दोन्ही मार्ग खुले होते. पुढची पन्नास वर्षे उद्योगाने सोपा मार्ग धरला, कारण धोक्याची किंमत मालाच्या किमतीत धरलेली नव्हती. ती किंमत कारखान्याच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्यांच्या नावावर मांडली जात होती. कठीण मार्गातील अडचणी निसर्गाने घातलेल्या अटळ अडचणी होत्या असेही नाही. एका उंच मनोऱ्याने आणि काही टांगलेल्या तारांनी त्या दूर झाल्या. मग त्या आधीच दूर का झाल्या नाहीत, या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्रात सापडत नाही. ते सापडते त्या हिशेबाच्या वहीत, जिच्यात कारखान्याशेजारी झोपलेल्या माणसासाठी रकानाच आखलेला नव्हता. पुढे कोठेही नवा कारखाना उभा राहील, मग तो तैवानात असो की नर्मदेच्या काठी, तेथे काय बनणार आणि किती बनणार याबरोबरच ते बनविण्यासाठी आवारात काय ठेवावे लागणार, हा प्रश्न आधी विचारला जावा. भोपाळच्या मृतांचे एवढे ऋण तरी फेडले पाहिजे.